वाढत्या अंगाची सायकल

"सवय होईल."

आपल्या घराघरांत या दोन शब्दांवर किती चुकीच्या वस्तू खपल्या असतील, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. बूट चावतोय? सवय होईल. खुर्ची उंच आहे? सवय होईल. सासरचं तिखट... असो, तो विषय आज नको. सायकलच्या दुकानात एका पायाच्या चवड्यावर तोल सावरत, दुसरा पाय पायडलवर टेकवत, चेहऱ्यावर शक्य तितका आत्मविश्वास ठेवून उभ्या असलेल्या गिऱ्हाईकालाही दुकानदार हेच सांगतो. "सवय होईल, साहेब."

माझं म्हणणं असं की सायकलच्या बाबतीत सवय होत नाही. चुकीच्या मापाच्या सायकलची सवय झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सायकल चालवायची सोडून दिलेली माणसं मात्र ढिगाने पाहिली आहेत. त्यात काही काळ मी स्वतःही होतो, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

२०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण करून आले. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत! त्यानंतर आमच्याकडच्या माझ्यासारख्या कित्येकांच्या डोक्यात रोड बाइक शिरली. माझ्या डोक्यातून ती खिशात उतरायला आणखी चार वर्षं लागली. २०२१ मध्ये मी कंपनीच्या कृपेने पुणं सोडून समुद्रपूरला घरीच बसून काम करत होतो. दिवसभर मॉनिटर, संध्याकाळी आईच्या हातची भाजी-पोळी, परिणामी पँटची बटणं रुसायला लागली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्या काळात जगभर सायकलींचा तुटवडा होता, हे तुम्हाला आठवत असेल. एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात फोन केला. रोड बाइक एकच शिल्लक होती. साइज ५६.

"माझी उंची १६८ सेंटीमीटर आहे, ५६ चालेल का?"

"आरामात चालेल सर. थोडी मोठी वाटेल सुरुवातीला. सवय होईल."

तेव्हा मला एक गोष्ट कळायला हवी होती. दुकानात एकच साइज शिल्लक असते, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईकाचा साइज तोच असतो.

पहिला आठवडा नवलाईत गेला. सकाळी साडेपाचला निघायचं, जामच्या चौकापर्यंत जायचं, तिथून ४४ नंबरच्या हायवेला लागायचं (आमच्या पिढीच्या तोंडी अजून सात नंबरच आहे), हिंगणघाटच्या बाजूला थोडं जाऊन परत फिरायचं. कधी उलट्या दिशेला, गिरडच्या टेकडीकडे. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, समोरून वारा, आणि मी हँडलवर अजगरासारखा लांब पसरलेलो. दुसऱ्या आठवड्यात मान आखडली. तिसऱ्यात कंबर. चौथ्या आठवड्यात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, ते संध्याकाळपर्यंत जागं होईना.

आता करंगळी म्हणजे काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण कीबोर्डवर उजव्या करंगळीकडे एंटर, शिफ्ट आणि अर्धविराम अशी तीन खाती आहेत. जावा लिहिणाऱ्या माणसाची अर्धविरामाची करंगळी गेली की त्याची रोजीरोटीच गेली हो! डॉक्टरांनी तळहाताच्या कडेला मनगटापाशी दाबलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हातावर वजन टाकून काही करता का?" तिथून जाणारी नस हँडलवर तासन्‌तास दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. सायकलवाल्यांचा हा जुना, पुस्तकी रोग आहे. मला मात्र तो नवा होता.

मग उपाय सुरू झाले. दुकानात फोन केला, तर म्हणाले, जेलचे ग्लोव्ह्ज घ्या. घेतले. मग म्हणाले, स्टेम आखूड करून देतो (स्टेम म्हणजे हँडलला चिमट्याच्या दांडीशी जोडणारा तो तुकडा). ११० मिलिमीटरचा काढून ७० चा लावला. मग म्हणाले, सीट पुढे सरकवा. सरकवली. आता गुडघा दुखायला लागला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला पॅचवर पॅच म्हणतो. मूळ रिक्वायरमेंट चुकलेली असताना वरून ठिगळं लावत बसायचं, आणि प्रत्येक ठिगळातून नवा बग. सीट पुढे-मागे करायची ती पाय आणि शरीराचा तोल यांच्या हिशेबाने. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ढकलणं म्हणजे शर्ट आखूड आहे म्हणून पँट वर ओढणं.

शेवटी रोड बाइक ओसरीत टेकवून ठेवली आणि वडिलांची जुनी काळी सायकल काढली. तिचं कोन ढिलं झालं होतं म्हणून गावातल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. आमच्या गावात सायकल दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. काम करता करता ते माझ्या नव्या सायकलबद्दल विचारत होते. दुसऱ्या दिवशी तीही नेऊन दाखवली. काकांनी मला तिच्या शेजारी उभं केलं. "बोटं एक्सलले लावा भाऊ. हात सरळ ठेवा. सीट बगलेत आली पायजे." सीट बगलेत आली, कारण ती दुकानाने जेमतेम तेवढी खाली केलीच होती. मग कोपर सीटच्या टोकाला लावायला सांगितलं. बोटांची टोकं हँडलपासून चांगली पंजाभर लांब राहिली. काकांनी पान्हा खाली ठेवला.

"सायकल बेस आहे भाऊ. पण तुमची नाही."

घरी येऊन मी टेप काढली आणि पहिल्यांदा वडिलांची सायकल मोजली. २२ इंची फ्रेम. बावीस गुणिले २.५४ म्हणजे ५५.८८ सेंटीमीटर. म्हणजे ५६!

मी चक्रावलोच. वडील माझ्याच उंचीचे. याच ५६ च्या सायकलवर त्यांनी मास्तरकी केली, रोज शाळेच्या गावाला जाऊन-येऊन, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात ४५ अंशांचं ऊन. त्यांची मान कधी आखडली नाही, बोटं कधी बधिर झाली नाहीत. मग माझी का?

उत्तर सायकलीकडे बाजूने पाहिलं की दिसतं. वडिलांच्या सायकलचं हँडल सीटपेक्षा वर आहे आणि वळून मागे, बसणाऱ्याच्या पोटाकडे आलेलं आहे. फ्रेम कितीही मोठी असू दे, हँडलच स्वतः चालत माणसाकडे येतं. माणूस ताठ बसतो, वजन बुडावर पडतं आणि हात फक्त दिशा दाखवायला उरतात. (म्हणून तर अशा सायकलींना रुंद, स्प्रिंगांची सीट असते.) रोड बाइकचं हँडल उलट पुढे जातं आणि खाली वळतं. ब्रेकच्या मुठी तर त्याच्याही पुढे. त्याच ५६ च्या फ्रेमवर वडिलांचा तळहात जिथे होता, तिथून माझा तळहात वीतभर नव्हे, हातभर पुढे आणि चांगला खाली. आकडा तोच, सायकल वेगळी, आणि शिक्षाही वेगळी.

इथून पुढे मी जे सांगणार आहे, ते मापाचं शास्त्र आहे आणि त्यात गूढ काहीही नाही. ते गूढ असल्याचा आव आणला जातो, माझा राग त्याच्यावर आहे.

पहिलं माप उंची हे नव्हे. दुकानांत उंचीचे तक्ते लावलेले असतात, पण उंचीने सायकल चालवत नाहीत, पायांनी चालवतात. माझ्या टीममधला एक मित्र अगदी माझ्याच उंचीचा आहे, १६८. माझ्या पायाचं आतलं माप ७८ सेंटीमीटर निघालं, त्याचं ७४. तक्ता आम्हा दोघांना एकच सायकल देतो. आणि हे माप घ्यायला लागतं काय? भिंत, एक जाड पुस्तक, पेन्सिल, टेप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पाय वीतभर फाकवायचे, पुस्तकाचा कणा वर करून दोन पायांमध्ये सीटसारखा घट्ट दाबायचा, भिंतीवर खूण करायची, जमिनीपासून मोजायचं. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या, पण मोजा.

आता या मापाचं करायचं काय? ग्रेग लेमाँड नावाचा अमेरिकन सायकलपटू होऊन गेला, म्हणजे आहे अजून. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वेळा त्याने टूर द फ्रान्स जिंकली. १९८० च्या दशकात त्याच्यामुळे आणि त्याचे प्रशिक्षक गिमार यांच्यामुळे दोन गुणाकार प्रसिद्ध झाले. पायाचं माप गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. आणि पायाचं माप गुणिले ०.६७ म्हणजे आडव्या दांड्याच्या जुन्या पद्धतीच्या फ्रेमचा साइज. माझे ७८ घातले तर सीट ६८.९ आणि फ्रेम ५२. मित्राचे ७४ घातले तर सीट ६५.३ आणि फ्रेम ५० च्या खाली. एकाच उंचीची दोन माणसं, सीटमध्ये साडेतीन सेंटीमीटरचा फरक! आणि मला दिली होती ५६.

हे गुणाकार म्हणजे वेद नव्हेत. पायडलचा प्रकार, बुटाचा तळ, क्रँकची लांबी यांनी थोडं इकडेतिकडे होतं. गणित नको असेल तर सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा, टाच पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर तिरकी होता कामा नये. मग चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात आपोआप बरोबर तेवढाच बाक येतो. शास्त्रवाले पंचवीस ते पस्तीस अंश म्हणतात, टाच ते काम फुकट करते.

पण थांबा, खरी गोम पुढेच आहे. सीट वरखाली करता येते, म्हणून चुकीच्या फ्रेमवरसुद्धा पाय बरोबर बसवता येतात. दुकानदार नेमकं तेवढंच करून दाखवतो. सीट बरोबर केली, पाय पोचले, बिल फाडलं! फ्रेमचा साइज खरा कळतो तो हातांना. मोठ्या फ्रेमचा वरचा दांडा लांब असतो. ५२ आणि ५६ मध्ये अडीच-तीन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, शिवाय मोठ्या फ्रेमवर स्टेमही लांब येतो आणि हँडलही रुंद. हे सगळं मिळून चार सेंटीमीटर झाले की कोपराचा बाक संपतो, हात काठ्यांसारखे ताठ होतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मानेत जाऊन बसतो.

"दांड्यावर पाय टाकून उभं राहा, खाली दोन बोटं जागा उरली की साइज बरोबर," हा दुसरा लाडका नियम. आडव्या दांड्याच्या काळात त्यात थोडा तरी अर्थ होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने माइक बरोज या इंग्रज डिझायनरकडून उतरत्या दांड्याची रोड बाइक करून घेतली. फ्रेम हलकी झाली, ताठ झाली आणि मुख्य म्हणजे आठ-दहा साइजांऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज एवढ्यावर भागवता आलं. उरलेला फरक सीटची दांडी आणि स्टेम यांनी भरून काढायचा. कारखान्याच्या गोदामासाठी फार हुशारीची गोष्ट. माणसांचे मात्र तीनच साइज नसतात. आता उतरत्या दांड्यावर उभं राहिलं की कुठल्याही सायकलवर जागा उरतेच, त्यावरून लांबीबद्दल काहीच कळत नाही. आणि एका कंपनीचं मीडियम हे दुसरीचं लार्ज. त्यामुळे अक्षरावर जाऊ नका. कंपनी जो मापांचा तक्ता देते, त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' असे दोन आकडे असतात. एक्सलपासून हेड ट्यूबचा माथा किती वर आणि किती पुढे, एवढाच त्यांचा अर्थ. दोन सायकलींची प्रामाणिक तुलना याच आकड्यांनी होते. दुकानदाराला हे दोन आकडे विचारा. त्याचा चेहरा पाहून दुकानाचा दर्जाही कळेल. :)

आता हँडलची उंची. इथे दोष दुकानाचा कमी आणि आपलाच जास्त.

टूर द फ्रान्सचे फोटो आपण पाहतो. त्यातल्या सायकलींचं हँडल सीटपेक्षा चांगलं वीतभर खाली असतं. दिसतं झकास! मग आपणही स्टेमखालचे स्पेसर काढतो, हँडल खाली बसवतो आणि स्वतःला शर्यतवाला समजतो. पण तो माणूस खाली का वाकतो, हे कुणी विचारलं आहे? वाऱ्यासाठी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. २० च्या वेगाला जी ताकद हवेवर खर्च होते, ती ४० च्या वेगाला आठपट होते. तो ४५ ने जातो, त्याला वाकल्याचा फायदा आहे. मी २२ ने जातो आणि वाटेत चहाला थांबतो. मला वाकून काय मिळणार आहे, तर्रीपोहे?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तो पायडलवर एवढा जोर लावत असतो की त्या जोरानेच त्याचं धड वर तोललं जातं. हातावर फार वजन येत नाही. आपण निवांत पायडल मारतो, म्हणून तेच वजन तळहातांवर उतरतं. म्हणजे त्याचं हँडल खाली असणं हा त्याच्या ताकदीचा परिणाम आहे. आपण परिणाम उचलला आणि कारण घरी विसरलो. आणि कसलेल्यांनाही ही किंमत चुकत नाही बरं का. 'रेस अक्रॉस अमेरिका'मध्येच एक दुखणं प्रसिद्ध आहे, मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाला ते झालं, म्हणून त्या दुखण्याला त्याचंच नाव पडलं.

मग हँडल किती उंच? रोड बाइक नव्याने घेणाऱ्याने सीटच्या बरोबरीपासून सुरुवात करावी. महिना-दोन महिने चालवा. शरीर मोकळं झालं, पोट आत गेलं, की एकेक स्पेसर काढत खाली या. पारख सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर मुठी धरून चालवताना कोपरात बाक आहे का? मान न ताणता समोर दूरवर दिसतं का? आणि घरात, सायकल भिंतीला टेकवून किंवा कुणाला तरी घट्ट धरायला लावून, त्याच बाकात बसून तळहात दोन इंच वर उचलता येतात का? येत असतील तर तोल बरोबर. तोंडावर आपटाल असं वाटत असेल, तर तुमचे हात हँडल धरत नसून तुम्हालाच धरून आहेत.

हे करायला खर्च किती? जुन्या पद्धतीच्या सायकलला वरचा बोल्ट चार आटे ढिला करायचा, लाकडाने हलकेच ठोकायचा, हँडल वर ओढायचं. दांडीवर एक रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. ती दिसली म्हणजे दांडी आत पुरेशी उरली नाही आणि हँडल हातात येऊ शकतं. नव्या पद्धतीत स्टेमखाली स्पेसर जास्त घालायचे किंवा स्टेम उलटा करायचा, म्हणजे खाली झुकलेला वर झुकतो. आधी वरच्या टोपीचा स्क्रू कसून बेअरिंगची ढिलाई काढायची, मगच स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळायचे. दहा मिनिटं, एक अ‍ॅलन की. फक्त एक लक्षात ठेवा. चिमट्याची दांडी वरून कापून सायकल 'क्लीन' करून देतो असं कुणी म्हणालं, तर निदान वर्षभर नाही म्हणा. दांडी केसांसारखी परत वाढत नाही.

"हे सगळं करण्यापेक्षा सरळ फिटिंग करून घ्यावं," असा सल्लाही मिळतो. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि कोनमापकं लावून ते करून देतात, आणि चांगलं करतात. शर्यत खेळणाऱ्याने जरूर करावं. पण समुद्रपूरच्या माणसाने सायकल गाडीत घालून नागपूर-पुणं गाठायचं, सायकलच्या किमतीचा मोठा तुकडा तिथे मोजायचा, आणि का, तर दुकानात विकताना पाच मिनिटं भिंत, पुस्तक आणि टेप काढायला कुणी तयार नव्हतं म्हणून? शिंप्याने माप न घेता शर्ट शिवला आणि वर सांगितलं, बसत नसेल तर फिटिंगवाल्याकडे जा, तर आपण त्या शिंप्याकडे पुन्हा पाऊल टाकू का?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाबा रे, हौशी माणसाची करंगळी बधिर झाली, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? खरं आहे. माझी ५६ मी घाट्यात विकली, ५२ घेतली, करंगळी दीड महिन्यात शुद्धीवर आली. विषय संपला असता. तो संपला नाही, कारण माझी भाची.

ताई गिरडच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. भाची तेव्हा आठवीत गेली होती. शाळा चार किलोमीटर. तिला सायकल घेतली ती २६ ची. आपल्याकडे सायकल 'कितीची' असं विचारलं की उत्तर येतं चाकाचं. वडिलांच्या काळी २२ म्हणजे फ्रेम असायची, आता २४ आणि २६ म्हणजे चाक. चाकावरून सायकल घेणं म्हणजे बटणाच्या आकारावरून शर्ट घेणं. त्या २६ वर फ्रेम होती २० इंची.

तीन महिन्यांनी गेलो तर सायकल गोठ्यात, सीटवर कडब्याची पेंढी. भाची दोन मैत्रिणींबरोबर पायी जात होती. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेच्या नालीत पडली होती, गुडघा फुटला होता, त्यानंतर हात लावला नाही.

"पोट्टीले सायकल जमतच नाही रे," ताई म्हणाली. "नववीपासून इथंच घरी ठेवावं का काय, असं हे म्हणत होते. पायी एवढ्या दूर पाठवणं बरं नाही वाटत."

"पण एवढी मोठी कशाला घेतली?"

"वाढत्या अंगाची घेतली बाप्पा. दोन-तीन वर्षं तरी पुरली पायजे का नाही?"

मी भाचीला भिंतीशी उभं केलं. तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकाने माप काढलं: ६४. म्हणजे चालवायला सीट एक्सलपासून साधारण साडेछप्पन्न सेंटीमीटरवर हवी, आणि शिकताना तर त्याहूनही खाली, निदान दोन्ही चवडे जमिनीला टेकतील इतकी. त्या सायकलची सीट पार खाली ठोकली तरी ६२ च्या खाली येत नव्हती. थांबायचं म्हटलं की पोरीला सीटवरून उडीच मारावी लागे. हँडल तिच्या खांद्यापाशी येत होतं. हात ताठ, बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत जेमतेम पोचायची, दाबणं तर दूरच. दप्तर पाठीवर, समोरून ट्रॅक्टर. ती पडली यात नवल नाही, तीन महिने चालवली कशी याचं नवल.

आणि एवढ्यावर सगळ्या घराने निकाल काय दिला? पोरीला जमत नाही. सायकलला पोरगी जमत नाही, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आपण सगळे मोठ्या सायकलवरच शिकलो, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत, हा युक्तिवाद मला लगेच ऐकवला गेला. ऐकवणारे सगळे पुरुष होते. कैची मारत गल्लीत फिरणं हा सुट्टीतला खेळ होता. रोज दोन वेळा, वेळेवर, दप्तर घेऊन, हायवेला मिळणाऱ्या रस्त्यावरून जाणं हा खेळ नाही. आणि त्या काळी किती मुली शिकल्या कैची? आपल्या आयांना विचारून बघा.

बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. हायस्कूलला नाव घालणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतल्या १२५ अतिमागास तालुक्यांसाठी आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलचे पैसे देण्याची योजना आली. २०२२ मध्ये ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे. पण पैसे खात्यात आले तरी मुलीचं माप कुणी घेतं का? सायकल देणाऱ्या प्रत्येक योजनेच्या आणि विकणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या कागदावर, मुलीच्या नावाशेजारी, पायाचं माप असा एक रकाना असायला काय हरकत आहे? टेप शाळेत असते, भिंत शाळेत असते, पुस्तकं तर असतातच.

मिस्त्रीकाकांनी ती २६ परत घेतली आणि लहान फ्रेमची २४ ची सायकल दिली, वर थोडे पैसे घेऊन. सीट खाली केली, हँडल दोन बोटं उतरवलं, ब्रेकच्या दांड्या वाकवून तिच्या बोटांजवळ आणल्या. पहिल्या संध्याकाळी भाची अंगणात गोल-गोल फिरत राहिली. चौथ्या दिवशी शाळेत गेली. दर सहा महिन्यांनी सीट एकेक बोट वर जाते, दांडीवर तिने पेनाने रेघा आखून ठेवल्या आहेत. यंदा ती अकरावीत आहे, आणि आता ती सायकल तिला खरंच लहान पडते. पुढची कुठल्या मापाची घ्यायची हे तिने स्वतःच मोजून सांगितलं. आम्ही फक्त पैसे द्यायचे.

वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवा, बाह्या दुमडता येतात. वाढत्या अंगाचा स्वेटर विणा. सायकल मात्र आजच्या अंगाची घ्या. अंग वाढलं की ती धाकटीला द्या, विका, बदला. जी सायकल दोन वर्षांनी नीट बसणार आहे, ती दोन वर्षं गोठ्यात उभी राहणार आहे, आणि तेवढ्या वेळात मुलीबद्दलचा निकाल लागून गेलेला असेल.

पुढच्या वेळी दुकानात कुणी "सवय होईल" म्हणालं, तर खिशातून टेप काढा.

ता.क. वडिलांची २२ इंची काळी सायकल अजून आहे. बाजारातून कोथिंबीर आणायला मी तीच नेतो. तिच्यावर बसलं की माणूस आपोआप ताठ बसतो आणि ओळखीच्या प्रत्येकाला नमस्कार करतो. ५२ च्या रोड बाइकवर ती सोय नाही.